ओरडण्याने ऐकू येत नाही

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळा सोडते आणि घाट उतरू लागते. खिडकीशी बसलेली नात गावाकडच्या आजोबांशी मोबाइलवर बोलत असते. बोगदा येतो, जातो. गाडी दरीच्या कडेने वळते, डोंगरावरचा टॉवर क्षणभर दिसतो आणि पुन्हा आड होतो. एवढ्या वेळात नातीच्या फोनपर्यंत पोचणारा संदेश लाखो पटींनी कमी-जास्त होतो. तरीही, बोगद्यात तुटलेले एक-दोन शब्द सोडले तर आजोबांचा आवाज तिला सारखाच ऐकू येतो. पलीकडे आजोबांचे मात्र उलटे असते. टॉवर घराजवळ, फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, तरी ते म्हणतात, 'जरा मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.' नात आवाज चढवते. लगेच उत्तर येते, 'ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी!'

ही दोन वाक्ये एकापाठोपाठ ऐकलेली नाहीत असे घर महाराष्ट्रात क्वचितच असेल. घरचे त्याला हट्ट म्हणतात, वयाचा चिडचिडेपणा म्हणतात, 'हवे ते बरोबर ऐकू येते' असा टोमणाही मारतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. आजोबांच्या स्वभावात काही बिघडलेले नसते. बिघडलेला असतो तो त्यांच्या कानातला एक नियंत्रक. नेमका तसाच नियंत्रक नातीच्या हातातल्या फोनमध्ये उत्तम चालू असतो. अभियंते त्याला 'ऑटोमॅटिक गेन कंट्रोल' म्हणतात. येणारा संदेश किती वाढवायचा हे संदेशाची ताकद पाहून स्वतःच ठरवणारी ही यंत्रणा आहे. ती फोनमध्ये काय करते हे समजले, तर कानात ती नसल्याने काय होते हे समजते. आणि नुसता आवाज वाढवण्यावर आपली घरे, बाजार आणि सरकारी योजना किती विसंबून आहेत, हेही लक्षात येते.

आधी फोन. टॉवरच्या अगदी जवळ उभे राहिले, तर ४जी फोनला जास्तीत जास्त सुमारे तीन मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटच्या तीन लाखाव्या भागाइतका संदेश सोसता आला पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा आहे. संदेश सर्वांत क्षीण असेल तेव्हा याच्याही तीन कोटीव्या भागाइतक्या शक्तीतून फोनने मजकूर ओळखायचा असतो. वापरातल्या लहरीपट्ट्यानुसार हे आकडे थोडे बदलतात, पण अंतर साधारण एवढेच राहते. व्यवहारातला दाखला द्यायचा तर, एक रुपया आणि तीन कोटी रुपये एकाच हिशेबनिसाने, एकाच वहीत, सारख्याच अचूकतेने लिहायचे, असा हा प्रकार आहे.

अडचण पुढे आहे. आजचा फोन आलेल्या लहरीचे आकड्यांत रूपांतर करतो आणि मग त्या आकड्यांतून बोलणे वेगळे काढतो. हे रूपांतर करणाऱ्या भागाला मोजता येणाऱ्या पायऱ्या ठरावीकच असतात. १२ बिटांचा रूपांतरक असेल तर ४,०९६ पायऱ्या. सोनाराच्या काट्यावर गव्हाचे पोते ठेवता येत नाही आणि वखारीतल्या काट्यावर नथीचे वजन कळत नाही. तसेच इथे होते. संदेश फार मोठा आला, तर लहरीचे शेंडे कापले जातात. अगदी बारीक आला, तर तो खालच्या एक-दोन पायऱ्यांतच घुटमळतो आणि त्याचा आकार उमटत नाही. दोन्ही वेळी आकडे चुकतात, शब्द तुटतात, बोलणारा 'हॅलो, हॅलो' करत राहतो.

म्हणून रूपांतरकाच्या आधी गेन कंट्रोल बसवलेला असतो. तो तीन कामे सतत करतो. आलेला संदेश मोजतो, तो हव्या त्या पातळीपेक्षा किती वर किंवा खाली आहे हे पाहतो आणि वर्धकाची ताकद तेवढी कमी-जास्त करतो. काही वर्धन अँटेनाजवळच्या पहिल्या वर्धकात ठोक पायऱ्यांनी बदलले जाते, तर उरलेले पुढच्या टप्प्यात बारीक पायऱ्यांनी. शेंडे कापले जाऊ नयेत म्हणून वरच्या बाजूला थोडी मोकळी जागाही राखली जाते, कारण ४जीची लहर मधूनच सरासरीपेक्षा बरीच उंच उसळते. परिणाम असा, की बाहेर संदेश कितीही हेलकावे खावो, काट्यावर पडणारे वजन साधारण सारखे राहते. उजेडात बाहुली लहान आणि अंधारात मोठी करणारा डोळा हेच करतो. उभे राहताच रक्तदाब सावरणारी मानेतल्या धमन्यांजवळची संवेदनाकेंद्रेही हेच करतात.

ही कल्पना मोबाइलच्या खूप आधीची आहे. १९२० च्या दशकात रेडिओ ऐकणाऱ्याचा एक हात सतत बटणावर असे. जवळचे केंद्र लागले की भोंगा किंचाळे आणि दूरचे लागले की कान लावून बसावे लागे. रात्री तर एकच केंद्र आपोआप मोठे-लहान होत राही. हॅरॉल्ड व्हीलर या तरुण अमेरिकन अभियंत्याने दशकाच्या मध्यावर त्यावर उपाय शोधला. आलेल्या लहरीची ताकद मोजून तीच वर्धकाला लगाम घालील, अशी जोडणी त्याने केली. दशक संपता संपता असे रेडिओ बाजारात आले आणि पुढे ही सोय गृहीतच धरली जाऊ लागली. आज कोट्यवधी फोनमध्ये त्याच कल्पनेचे वंशज काम करत आहेत आणि ज्याच्या खिशात फोन आहे त्याला त्याची गंधवार्ताही नाही. नियंत्रण चांगले असले की ते जाणवत नाही, हेच त्याचे लक्षण.

मात्र किती वाढवायचे हे ठरवण्याइतकेच किती वेगाने बदलायचे हे ठरवणेही महत्त्वाचे असते. टॉवरची लहर सरळ येते, डोंगरावर आदळून येते, डब्याच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन येते. या लहरी कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना खोडतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, त्यामुळे दर १६-१७ सेंटिमीटरवर असा एखादा खड्डा येऊ शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत बसलेला फोन सेकंदाला शंभराच्या आसपास खड्डे ओलांडतो. नियंत्रक मंद असेल तर तो खड्ड्यात सापडतो आणि सावरेपर्यंत उंचवट्यावर आदळतो. तो फार चपळ असेल तर वेगळाच घोटाळा होतो. संदेशातले स्वाभाविक चढउतार म्हणजेच मजकूर, आणि नियंत्रक तेही सपाट करून टाकतो. म्हणून हा वेग काळजीपूर्वक जुळवावा लागतो.

आणखी एक मर्यादा आहे आणि पुढच्या विषयासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. वर्धक संदेश वाढवतो तेव्हा त्यात मिसळलेली खरखरही तेवढ्याच पटीने वाढते. पहिल्या वर्धकाने शिरताना जे गमावले, ते पुढच्या कोणत्याही वर्धकाला परत आणता येत नाही. गेन कंट्रोल संदेशाला योग्य मापात बसवतो. त्याला स्वच्छ करण्याचे काम इतर भागांचे. मोठे असणे आणि स्पष्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आजोबांचा कान. निरोगी कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजापासून वेदना देणाऱ्या आवाजापर्यंतचे अंतर सुमारे १२० डेसिबल असते. शक्तीच्या हिशेबात हा फरक एक लाख कोटी पटींचा, म्हणजे फोनच्या तीन कोटींपेक्षा कितीतरी मोठा. पण कानातून मेंदूकडे जाणारा मज्जातंतूचा बहुतेक प्रत्येक धागा जेमतेम २० ते ४० डेसिबलच्या पट्ट्यातच फरक दाखवू शकतो. म्हणजे इथेही काटा लहान आणि माल प्रचंड. निसर्गाने ही अडचण फोनच्या खूप आधी सोडवलेली आहे.

कानाच्या आत, शंखासारख्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी ऐकण्याचे काम करतात आणि खबर मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे बारा हजार पेशींचे काम निराळे. आवाज आला की त्या स्वतः लांब-आखूड होतात आणि पडद्याच्या कंपनाला धक्का देतात. हळू आवाजाला त्या ४० ते ६० डेसिबलपर्यंत उचलून धरतात. आवाज जसा मोठा होतो तसा त्यांचा हातभार कमी होत जातो आणि मोठ्या आवाजाला तो जवळपास शून्य असतो. हा कानातला गेन कंट्रोल. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की या धडपडीत निरोगी कान स्वतःही अत्यंत क्षीण आवाज बाहेर टाकतो. त्याच आधारावर आज नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून, बाळ झोपलेले असतानाच काही मिनिटांत श्रवणाची पहिली तपासणी करता येते.

वय वाढते, गोंगाट सोसावा लागतो, काही औषधे घ्यावी लागतात, तेव्हा बहुधा सर्वांत आधी बळी पडतात त्या या बाहेरच्या पेशी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की हळू आवाजाला मिळणारा आधार जातो. मोठ्या आवाजाला त्यांचा आधार कधी नव्हताच, त्यामुळे तो पूर्वीइतकाच मोठा वाटतो. उदाहरणासाठी असे समजा, की आजोबांना ६० डेसिबलच्या खालचे काही ऐकू येत नाही आणि १०० डेसिबलला त्रास होऊ लागतो. कुजबुज ३० ची, ती गेली. साधे बोलणे ६० च्या आसपासचे, ते उंबरठ्यावर अडखळते. नात आवाज चढवून ८०-८५ वर जाते, तो आजोबांना एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. ऐकू न येणे आणि असह्य होणे यांच्यात त्यांच्याकडे फक्त ४० डेसिबलची अरुंद पट्टी उरलेली असते. 'मोठ्याने बोल' आणि 'ओरडू नकोस' ही दोन्ही वाक्ये त्यामुळे एकाच वेळी खरी असतात.

त्यातही नुकसान बहुधा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. भाषेतले स, श, फ, त, थ हे आवाज मुळातच हळू आणि उंच पट्टीचे असतात. स्वर मात्र जाड आणि जोरकस. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. 'साठ'मधला 'स' निसटला की 'आठ' उरते. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने फारशी वाढत नाहीत, आणि मोठा 'आ' शेजारच्या बारीक 'स'ला झाकून टाकतो. सरकारी रुग्णालयाच्या गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात, पंख्यांच्या आवाजात आणि मागच्या रांगेच्या रेट्यात, मान डोलावणाऱ्या वृद्धाने 'सात दिवस' ऐकले की 'आठ', गोळी 'सकाळी' ऐकली की 'संध्याकाळी', याची खातरजमा किती वेळा होते? इन्सुलिनच्या साठ आणि आठ युनिटांतला फरक जिवावर बेतणारा आहे. रुग्ण मात्र पुन्हा विचारत नाही. दोनदा विचारल्यावर समोरचा ओरडतो, हे त्याने घरीच शिकलेले असते.

पुढची पायरी एकाकीपणाची. लग्नकार्यात, सप्ताहात, कट्ट्यावर चार जण एकदम बोलू लागले की धागा सुटतो. मग माणूस जाणेच टाळतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो, टीव्हीसमोर गप्प बसतो. स्मृतिभ्रंशासंबंधी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये ज्या १४ बदलता येण्याजोग्या जोखमी सांगितल्या, त्यांत श्रवणदोष आहे. श्रवणयंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असा सरसकट दावा आजच्या पुराव्यावर करता येणार नाही. पण ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून आणि मग माणसांतून बाहेर पडतो, हे दाखवायला कोणत्याही संशोधनाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटी लोकांना उपचार किंवा साधन लागेल एवढा श्रवणदोष आहे आणि साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक आहे.

यावर बाजाराने दिलेले उत्तर म्हणजे 'कानाची मशीन'. ऑनलाइन दुकानात, औषधांच्या दुकानात, जत्रेतल्या स्टॉलवरही काही शे ते काही हजार रुपयांत ती मिळते. त्यातली पुष्कळशी नुसती वर्धक असतात. बटण फिरवा, सगळेच मोठे करा. वरच्या उदाहरणातल्या आजोबांना अशा वर्धकाने सरसकट ४० डेसिबल दिले, तर कुजबुज ३० वरून ७० वर जाते आणि ऐकू येते. पण साधे बोलणे १०० वर जाऊन टोचू लागते आणि कुकरची शिट्टी, स्टीलच्या ताटाचा खणखणाट १२० च्या पुढे जातो. दोन दिवसांत मशीन कपाटात जाते. उरलेला कान अशा माऱ्याने आणखी बिघडू शकतो, हा तोटा वेगळाच. गेन कंट्रोल नसलेल्या १९२० च्या रेडिओपेक्षा हे फारसे निराळे नाही.

खरे श्रवणयंत्र नेमके इथेच वेगळे ठरते. ते कुजबुजीला ३५-४०, बोलण्याला २०-२५ आणि मोठ्या आवाजाला जवळपास काहीच वर्धन देत नाही, असे जुळवता येते. शंभर डेसिबलचे जग चाळीस डेसिबलच्या पट्टीत बसवायचे, हेच त्याचे काम. उंच आणि खालच्या पट्टीसाठी हे प्रमाण वेगवेगळे ठेवता येते, कारण नुकसान सगळीकडे सारखे नसते. मेलेल्या पेशींचे काम करणारा तो बाहेरून लावलेला नियंत्रक आहे. पण तो कोणाच्या कानासाठी, किती, कोणत्या पट्टीत हे आधी माहीत असावे लागते. त्यासाठी ऑडिओमेट्री लागते, जुळणी लागते, काही आठवड्यांनी पुन्हा फेरजुळणी लागते. चष्म्याचा नंबर न काढता चष्मा वाटला, तर लोक हसतील. कानाच्या बाबतीत तसे केले तर कोणाला वावगे वाटत नाही.

श्रवणयंत्राकडून चमत्काराची अपेक्षाही करू नये. मोबाइलच्या वर्धकाप्रमाणेच तेही बोलण्याबरोबर गोंगाट वाढवते. त्याचे नियंत्रण फार चपळ ठेवले तर दोन शब्दांमधल्या शांततेत पंख्याची घरघर उसळते, मंद ठेवले तर दार आपटल्यानंतरचे शब्द बुडतात. ऐकणाऱ्या आतल्या पेशी किंवा मज्जातंतूच गेलेले असतील, तर पहिल्याच पायरीवर हरवलेले कोणतेही वर्धन परत देऊ शकत नाही. अशा काहींना कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करावा लागतो. कानात मळ असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर उपाय आणखी निराळा. म्हणूनच आधी कान-नाक-घसा डॉक्टरांची तपासणी आणि मग यंत्र, हा क्रम मोडता कामा नये. वर्षानुवर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूला नव्या आवाजांशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात, हेही घरच्यांना सांगावे लागते.

सरकार या बाबतीत काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून आणि २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे दिली जातात. मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची, वाक् व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांच्या बँक खात्यात साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये जमा होतात आणि साधनांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. हेतू चांगलाच आहे. पण चष्मा, काठी किंवा कमरेचा पट्टा यांना ३,००० रुपये पुरतील. तपासून आणि जुळवून दिलेले श्रवणयंत्र त्यात बसणे कठीण. मग पैसे जातात कुठे? बटण फिरवून सगळेच मोठे करणाऱ्या त्या मशीनकडे. लाभार्थी मिळाला, खर्च झाला, कागदावर एक कान ऐकू लागला. घरात आजोबा अजूनही 'काय म्हणालीस?' असेच विचारत आहेत.

शिबिरांत वाटलेल्या यंत्रांचीही मोजणी बदलायला हवी. किती यंत्रे वाटली, हा आकडा छायाचित्रासाठी ठीक आहे. सहा महिन्यांनी त्यातली किती कानावर आहेत आणि किती कपाटात, हा आरोग्याचा आकडा आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात ऑडिओमेट्रीची खोली आणि पूर्णवेळ ऑडिओलॉजिस्ट लागतो. फेरजुळणीची तारीख यंत्रासोबतच हातात द्यावी लागते. बॅटरी संपली, नळीत मळ अडकला एवढ्यासाठी यंत्र बंद पडू नये, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी किरकोळ दुरुस्तीची सोय लागते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या दवाखान्यात साठीपुढच्या प्रत्येकाचे डोळे पाहतात, पाय पाहतात. तिथेच ऐकण्याची साधी चाचणी जोडली, तर वेगळ्या शिबिराचीही गरज उरणार नाही. प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी बाळाच्या श्रवणाची तपासणी हा नियम झाला पाहिजे, कारण न ऐकणारे मूल भाषेची पहिली वर्षे गमावते आणि ती परत मिळत नाहीत.

डॉक्टरांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. अमिकासिन, कॅनामायसिन यांसारखी इंजेक्शने नेमकी या बाहेरच्या पेशींवर घाव घालतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर ती वर्षानुवर्षे दिली गेली आणि जीव वाचलेल्या अनेकांनी ऐकणे गमावले. आता त्या आजारावर तोंडाने घ्यायच्या औषधांचा मार्ग उपलब्ध झाला आहे, ही मोठी सुधारणा. पण इतर गंभीर संसर्गांत ही इंजेक्शने आणि काही कर्करोगांत सिस्प्लॅटिन आजही द्यावेच लागते. उपचार सुरू करण्याआधी आणि चालू असताना श्रवण तपासणे हा तेव्हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आणि तरुणांचे काय? मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आकसतो आणि थोडा अटकाव करतो. पण त्याला सेकंदाचा काही भाग लागतो. सुतळी बॉम्ब तेवढा वेळ देत नाही. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन्‌तास तो तगही धरत नाही. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये मिळून मानक काढले. त्यानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला आहे. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला आठवड्याला जेमतेम २०-२५ मिनिटे. टॉवरच्या संदेशातले कोट्यवधी पटींचे चढउतार सांभाळणाऱ्या फोनमध्ये कानात जाणाऱ्या आवाजाची अशी नोंद ठेवण्याची क्षमता आहे. ती सोय प्रत्येक फोनमध्ये सुरुवातीपासूनच चालू असावी, वापरणाऱ्याने शोधून चालू करण्यावर ती सोडू नये, अशी मागणी ग्राहकांनी आणि नियामकांनी केली पाहिजे.

हे सगळे होईल तेव्हा होईल. घरात आजच करता येण्यासारखे काही आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. आजोबांशी बोलताना जवळ यावे, समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा. टीव्ही बंद करावा. आवाज न चढवता थोडे सावकाश आणि सुटे बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने सांगण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगावे. औषधाचा डोस कागदावर अंकांत लिहून द्यावा. आणि येत्या आठवड्यात त्यांना मशीन आणून देण्याऐवजी तपासणीला घेऊन जावे. दुकानदाराला किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे यंत्र हळू आणि मोठ्या आवाजाला वेगवेगळे वर्धन देते का? आणि आमच्या ऑडिओग्रामप्रमाणे ते जुळवून कोण देणार? उत्तर मिळाले नाही, तर पाकीट खिशातच ठेवावे.

फोनमधल्या गेन कंट्रोलला संदेशाचा राग येत नाही. क्षीण आला तर तो उचलून धरतो, जोरात आला तर आवरतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा मोजतो. आजोबांच्या कानाला हे आता जमत नाही. ते काम यंत्राने करायचे आहे, ते यंत्र नीट जुळवून देण्याचे काम आरोग्यव्यवस्थेने, आणि तोवर दोन पावले जवळ येऊन बोलण्याचे काम घरच्यांनी.